पन्हळी रस्त्यांचा मुलूख

मारी गाव मागे पडलं की बर्ड्सव्हिल ट्रॅक सुरू होतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं मारी आणि क्वीन्सलंडच्या कोपऱ्यातलं बर्ड्सव्हिल, या दोन टीचभर गावांना जोडणारा हा ५१७ किलोमीटरचा कच्चा रस्ता. सुरुवातीला तो बरा वाटतो. मग स्टेअरिंगवर हलकी थरथर येते. ती वाढत जाते, किल्ल्यांचा जुडगा वाजू लागतो, मागच्या पेटीतली भांडी खडखडतात आणि थोड्याच वेळात गाडीतल्या दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईनासं होतं. रस्त्यात खड्डा एकही नसतो. असतात त्या लाटा. या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या, सारख्या अंतरावरच्या, दोन-चार बोटं खोल. छपरावरचा पन्हळी पत्रा काढून जमिनीवर आडवा अंथरावा, तसा रस्ता.

ऑस्ट्रेलियन माणूस याला 'कॉरुगेशन' म्हणतो. पत्र्यालाही तिकडे तोच शब्द आहे, त्यामुळे आपल्याकडची पन्हळ इथे चपखल बसते. वाळवंटाच्या या मुलखात प्रवाशाला वाघ-सिंहाचं भय नाही. तहानेचं आहे, उन्हाचं आहे, आणि तिसरं या पन्हळीचं. नट सैल होतात. बॅटरी बसवायची लोखंडी चौकट तडकते. टपावरच्या कॅरिअरचे पाय तुटतात. शॉक अॅब्सॉर्बरमधलं तेल तापून फेसाळतं आणि मग गाडीला आवरणारं काही उरत नाही. गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा मोठ्या धक्क्यानं नव्हे, लाखो बारीक धक्क्यांनी.

या लाटा घालतं कोण? वारा घालतो, जमीनच तशी आहे, इंजिनांच्या धडधडीमुळे होतात, असे नाना तर्क लोक करत आले. १९६३ साली कीथ मेदर या शास्त्रज्ञानं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात आपल्या प्रयोगाची हकिकत लिहिली. वाळूच्या गोल रिंगणात एका दांड्याला जोडलेलं चाक फिरवत ठेवायचं, एवढाच प्रयोग. घाण्याच्या बैलासारखं चाक फिरत राहिलं आणि सपाट वाळूवर आपोआप लाटा उमटल्या. २००७ मध्ये निकोला तॅबर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकएल्वेन यांनी फिरत्या तबकावर वाळू पसरून तोच प्रश्न पुन्हा तपासला. त्यांना आढळलं, की चाकाला स्प्रिंग असो वा नसो, एका ठरावीक वेगापुढे लाटा येतातच. त्या वेगाखाली मात्र वाळू सपाट राहते. चाकाला कुठेतरी बारीकसा उंचवटा लागतो, ते जरा उडतं, पुढे आपटतं, आपटताना वाळू दाबून पुढे ढकलतं. ढकललेल्या वाळूचा नवा उंचवटा होतो आणि पुढचं चाक त्यावरून उडतं. पाण्यावर भाकऱ्या काढताना चपटा दगड टप्पे घेत जातो, त्याच्याशी हे गणित जुळतं असं या संशोधकांनी दाखवलं.

म्हणजे रस्ता खराब करतात त्या त्यावरून जाणाऱ्या गाड्याच. आधीच्या प्रत्येक गाडीनं मागच्या गाडीसाठी आपली नोंद ठेवलेली असते. चालक ती नोंद मणक्यानं वाचतो.

वेगाचं कोडंही इथेच आहे. दोन लाटांमधलं अंतर ऐंशी सेंटिमीटर धरलं, तर ताशी ३० किलोमीटरला चाकाला सेकंदाला दहा-एक ठोके बसतात. चाक आणि एक्सल यांची स्वतःची उड्या मारण्याची लय साधारण तेवढीच असते, म्हणून नेमक्या त्याच वेगाला गाडी पिसाळल्यासारखी होते. ताशी ८० ला ठोके अठ्ठावीसच्या घरात जातात. चाकाला खाली खळग्यात उतरायला वेळच मिळत नाही, ते माथ्यांवरून तरंगत जातं आणि अचानक सगळं शांत होतं. जुने चालक हा वेग पकडायला शिकवत. पण तरंगणाऱ्या चाकाची जमिनीवरची पकड बरीच सुटते. वळण आलं, समोर गाय किंवा कांगारू आला, तर ब्रेकही लागत नाही आणि स्टेअरिंगही ऐकत नाही. या रस्त्यांच्या कडेला उलटून पडलेल्या कित्येक गाड्या अशाच शांततेतून गेलेल्या आहेत. म्हणून आता जाणते लोक वेगळं सांगतात: डांबर सोडलं की थांबा, टायरमधली हवा ४० पीएसआयवरून २८-२६ पर्यंत उतरवा, आणि वेगही उतरवा. मऊ टायर बराचसा धक्का स्वतः गिळतो. मात्र हवा कमी ठेवून वेग तसाच ठेवला तर टायर तापून फाटतो. थांबून चार टायरांची हवा सोडायला दहा मिनिटं लागतात, आणि बहुतेकांची फजिती होते ती ही दहा मिनिटं वाचवताना.

पण हा झाला गाडीचा हिशेब. या वाटा गाडीच्या फार आधीच्या आहेत.

मारीच्या पूर्वेला-उत्तरेला दिएरी या मूळनिवासी लोकांचा मुलूख आहे. त्यांची माणसं शेकडो किलोमीटर चालत दक्षिणेला फ्लिंडर्स डोंगररांगेत जात आणि तिथल्या खाणीतला तांबडा गेरू डोक्यावर लादून परत आणत. विधींसाठी त्याच गेरूला मान होता. उत्तरेकडून, मलिगन नदीच्या बाजूनं, पितुरी येई. तंबाखूसारखी तलफ भागवणारी ही वनस्पती वाळवून, विणलेल्या पिशव्यांत भरून हातोहात दक्षिणेकडे सरकत असे. सिम्पसन वाळवंटात वांगकांगुरू लोक 'मिकिरी' नावाच्या खोल, अरुंद विहिरींवर जगत. वाळूच्या दोन टेकड्यांमधल्या विहिरीचा पत्ता ठाऊक असणं म्हणजेच रस्ता ठाऊक असणं. नंतर आलेल्या गोऱ्या शोधकांनी ज्याला 'अज्ञात प्रदेश' म्हटलं, तिथे पाणवठ्यापासून पाणवठ्यापर्यंत जाणाऱ्या वाटा होत्या. त्यांच्यावर पाटी नव्हती, एवढंच.

मग उंट आले, आणि ते आले तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून. १८६० साली खंड ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी जॉर्ज लँडेल्स यानं कराचीहून चोवीस उंट आणि त्यांना सांभाळणारे मेलबर्नला नेले. सिंध त्या काळी मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे कराची बंदरातून निघालेला हा सगळा लवाजमा कागदोपत्री मुंबई सरकारच्या हद्दीतून निघालेला होता. १८६६ मध्ये थॉमस एल्डर या धनिकानं शंभरावर उंट आणि एकतीस उंटवाले पोर्ट ऑगस्टाला उतरवले. बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी अशी ही माणसं. ऑस्ट्रेलियानं सरसकट सगळ्यांना 'अफगाण' करून टाकलं. तारायंत्राची लाइन टाकायला लागणारं सामान, खाणींचं साहित्य, मेंढपाळांचं पीठ, चहा, साखर, आणि परतीला लोकरीचे गठ्ठे. एकेक उंट चार-चारशे किलो वाहून नेई. मारीला १८८० च्या दशकात रेल्वे पोहोचली आणि गाव उंटांचं ठाणं झालं. क्वीन्सलंडमधून गुरांचे कळप हाकत आणणारेही याच वाटेनं मारीच्या रेल्वेकडे येत. सरकारनं या वाटेवर टप्प्याटप्प्यानं खोल बोअर पाडले. जमिनीच्या पोटातलं ते पाणी काही ठिकाणी जवळजवळ उकळतं वर येतं, आणि गुरांना पाजण्याआधी चरातून वाहवत निववावं लागतं.

मारीत रेल्वेच्या एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला उंटवाले व मूळनिवासी अशी वस्ती होती. त्या दुसऱ्या बाजूची खजुराची झाडं अजून उभी आहेत. बेजा दरवेश हा बलुची उंटवाला १८९० मध्ये ऑस्ट्रेलियात आला. १८९६ च्या कॅल्व्हर्ट शोधमोहिमेत वाळवंटात माणसं मेली, उंट मेले. त्या प्रवासातल्या त्याच्या निष्ठेची खूण म्हणून मोहिमेचा प्रमुख लॉरेन्स वेल्स यानं त्याला आपलं होकायंत्र दिलं. पुढे १९३९ मध्ये सेसिल मॅडिगन यांनी सिम्पसन वाळवंट ओलांडलं, तेव्हा उंट सांभाळायला बेजाचा मुलगा जॅक होता. देशाचा मध्यभाग ज्यांनी पाठीवरून वाहून नेला, त्यांना त्या देशानं नागरिक मानलं नाही. १९०१ नंतरच्या गोऱ्यांपुरत्या ऑस्ट्रेलियाच्या धोरणात त्यांना घरच्या बायकामुलांना आणणंही दुरापास्त झालं. १९२० च्या दशकात मोटारी आल्या, उंटांचा धंदा बसला. १९२५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात कायदा झाला, की नोंद नसलेले मोकाट उंट पोलिसांनी गोळी घालून मारावेत. कित्येक मालकांनी आपली जनावरं गुपचूप वाळवंटात सोडून दिली. आज चारही चाकांना जोर असलेल्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीच्या समोर अचानक येणारा रानउंट त्यांच्याच वंशातला आहे.

मोटारीनं हा खंड दक्षिणोत्तर ओलांडायची पहिली यशस्वी खेप १९०८ ची. हॅरी डटन आणि मरी ऑन्गर हे दोघं आधीच्या वर्षी नोव्हेंबरात टॅल्बट गाडी घेऊन अॅडलेडहून निघाले होते. डिफरन्शियल तुटलं, पावसाळा तोंडावर आला आणि गाडी वाळवंटात सोडून त्यांना घोड्यावर परतावं लागलं. जून संपताना ते जास्त ताकदीची दुसरी टॅल्बट घेऊन पुन्हा निघाले, वाटेत पहिली गाडी दुरुस्त केली आणि २० ऑगस्ट १९०८ ला डार्विनला पोहोचले. समुद्रकिनाऱ्यापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत एकावन्न दिवस. त्यांच्या गाडीला फक्त मागच्या चाकांचा जोर होता.

बर्ड्सव्हिल ट्रॅकचा सर्वांत नावाजलेला चालकसुद्धा फोर व्हील ड्राइव्हचा नव्हे. त्याचं नाव टॉम क्रूझ. हॉलिवूडच्या नटाचा आणि त्याचा काही संबंध नाही. १९१४ मध्ये वॉटर्लू या खेड्यात जन्मलेला हा माणूस १९३६ पासून वीसेक वर्षं दर पंधरवड्याला मारीहून बर्ड्सव्हिलला टपाल घेऊन जात राहिला. त्याचा लेलँड बॅजर ट्रक आज पाहिला तर छाती दडपते. पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर नाही, केबिनला धड दारं-काचा नाहीत, आणि मागे इंधनाची पिंपं, पिठाची पोती, औषधं, सुटे भाग, टपालाची थैली आणि त्या सगळ्यावर बसलेली दोन-चार माणसं. वाटेतल्या गुरांच्या वाड्यांना बाहेरचं जग भेटे ते या ट्रकच्या रूपानं. वाळूची टेकडी आली की क्रूझ आणि त्याचा साथीदार लांब लोखंडी पत्रे काढून चाकांखाली अंथरत. ट्रक पत्र्याच्या लांबीएवढा पुढे जाई. मागचे तापलेले पत्रे ओढून पुन्हा पुढे टाकायचे, पुन्हा तेवढंच अंतर. चढ संपेपर्यंत हेच.

कूपर क्रीक ही तर आणखी वेगळी तऱ्हा. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली ही नदी दूर क्वीन्सलंडमध्ये झालेल्या पावसानं, डोक्यावर निरभ्र आभाळ असताना, भरून येते आणि कित्येक किलोमीटर पसरते. १९४९ मध्ये ती अशी आली. मग टपाल आणि माल अलीकडे उतरवायचा, होडीत घालून पलीकडे न्यायचा, तिथे दुसऱ्या ट्रकवर चढवायचा. जॉन हेयर यांनी याच टपालवाल्यावर 'द बॅक ऑफ बियाँड' हा माहितीपट केला आणि १९५४ च्या व्हेनिस महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पुढच्या वर्षी क्रूझला एमबीई हा किताब मिळाला. ट्रक मात्र १९५७ मध्ये वाटेतल्या एका गुरांच्या वाडीवर मोडून पडला आणि पस्तीसेक वर्षं ऊन खात तिथेच राहिला. १९९० च्या दशकात लोकांनी तो शोधून उचलून आणला, क्रूझच्या हाताखाली दुरुस्त केला, आणि पंच्याऐंशीच्या घरातल्या या माणसानं पुन्हा एकदा टपाल घेऊन तोच रस्ता केला. तो ट्रक आता अॅडलेडजवळच्या बर्डवुड इथल्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयात आहे, आणि डटन-ऑन्गर यांची टॅल्बटही तिथेच आहे.

चारही चाकांना जोर देणारी गाडी सामान्य माणसाच्या हाती आली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. सैन्यानं जीप आणि 'ब्लिट्झ' नावानं ओळखले जाणारे आडदांड ट्रक आणले होते. युद्ध संपल्यावर ते मोडीत निघाले आणि शेतकऱ्यांनी, गुरेवाल्यांनी, खाणवाल्यांनी स्वस्तात उचलले. आपल्याकडे माझगावात महिंद्रांनी विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तोही याच सुमाराचा, त्याच युद्धातून निघालेला धागा. १९४८ च्या एप्रिलमध्ये अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर दाखल झाली. पोलादाची टंचाई होती म्हणून तिचा पत्रा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. ती खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी काढलेली ब्रिटिश गाडी. पण तिचं नशीब ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाशी जोडलं गेलं, आणि त्याला कारण क्षेपणास्त्रं.

ब्रिटनला आपली अस्त्रं तपासायला मोकळा मुलूख हवा होता. तो ऑस्ट्रेलियानं दिला. त्यासाठी वूमेरा या चाचणीतळाची जागा आखणारा सर्वेक्षक लेन बीडेल याच्याकडे पुढे पश्चिमेच्या वाळवंटात रस्ते काढायचं काम आलं. १९५५ ते १९६३ या काळात दहाहून कमी माणसांच्या तुकडीनं, एक बुलडोझर आणि एक ग्रेडर यांच्या जोरावर, ६००० किलोमीटरहून जास्त रस्ते काढले. आधी बीडेल एकटा लँड रोव्हर घेऊन झुडपं तुडवत पुढे जाई. रात्री थिओडोलाइटमधून ताऱ्यांचे वेध घेऊन आपण कुठे आहोत ते काढी. दिवसा एखाद्या उंचवट्यावर थांबून आरशानं कवडसा पाडी, नाहीतर शोभेच्या दारूसारखा उजळणारा बाण आकाशात सोडी. मैलोन्‌मैल मागे असलेला बुलडोझरवाला त्या झगमगाटाच्या रोखानं यंत्र हाकी. मागून ग्रेडर येई आणि कापलेली जमीन सारखी करी. बीडेलला सरळ रस्त्याचं वेड होतं. बंदुकीच्या नळीसारखा सरळ म्हणून त्यानं आपल्या तुकडीला 'गनबॅरल' नाव दिलं, तेच पहिल्या मोठ्या रस्त्याला चिकटलं. १९५८ च्या नोव्हेंबरात गनबॅरल हायवे पुरा झाला. जिथे दिवसभरात एक गाडी भेटली तर नवल, अशा एकेरी वाटेला हायवे म्हणायची त्याची रीत होती. एका रस्त्याला बायकोचं नाव, एकाला मुलीचं, एकाला मुलाचं. मुलीच्या नावाचा रस्ता काढताना ती काही महिन्यांची होती आणि आईसोबत त्या तळावरच होती. वाटेतल्या खांबांवर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या ठोकून त्यावर अक्षांश-रेखांश त्यानं स्वतःच्या हातानं उमटवले.

बीडेल आवडावा असाच माणूस आहे. त्याची पुस्तकं ऑस्ट्रेलियात घरोघरी वाचली गेली. पण त्याच्या रस्त्यांनी कुठे नेलं, हेही सांगितलंच पाहिजे. ऑक्टोबर १९५३ मध्ये एमू फील्डला दोन आणि १९५६-५७ मध्ये मारालिंगाला सात अणुस्फोट झाले. या दोन्ही जागा निवडण्यात बीडेलचा हात होता. गनबॅरलच्या वाटेवरची जायल्स वेधशाळा १९५६ मध्ये उभी राहिली तीच मुळात स्फोटांच्या वेळी वरचा वारा कुठे वाहतो ते कळावं म्हणून. ही जमीन रिकामी नव्हती. अनांगू लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत होते. त्यांना हलवण्यात आलं, आणि अफाट मुलखात त्यांना शोधून इशारा द्यायला सरकारी गस्ती अधिकारी होते जेमतेम दोन. त्यांतले वॉल्टर मॅकडूगल वरिष्ठांकडे तक्रारी करत राहिले. त्यांना गप्प बसायला सांगण्यात आलं. या स्फोटांची चौकशी करणाऱ्या १९८४-८५ च्या मॅक्लेलँड आयोगासमोर लोकांनी आपल्या अंगावरून गेलेल्या काळ्या धुक्याच्या हकिकती सांगितल्या.

१९६४ मध्ये 'ब्लू स्ट्रीक' क्षेपणास्त्राचे तुकडे पडतील त्या पट्ट्यातून माणसं हलवण्यासाठी गस्तीच्या गाड्या पर्सिव्हल सरोवरांकडे गेल्या. तिथे मार्तू जमातीच्या वीस बायका आणि मुलं होती, सोबत पुरुष एकही नाही. त्यांतली युवाली तेव्हा सतरा वर्षांची. मोटार तिनं कधी पाहिली नव्हती. म्हातारपणी 'कॉन्टॅक्ट' या २००९ च्या माहितीपटात ती तो दिवस सांगते: तिला वाटलं, खडक जिवंत होऊन चालत येतो आहे. मुली पळाल्या, वाळूत लपल्या. गाडी त्यांच्या पावलांच्या मागावर आठवडेच्या आठवडे फिरत राहिली. फोर व्हील ड्राइव्हच्या शौर्यकथा पुष्कळ छापल्या गेल्या आहेत. तीच गाडी समोरून कशी दिसत होती, हे सांगणारा हा आवाज त्या सगळ्यांच्या जोडीला ऐकायला हवा.

लँड रोव्हरची सद्दी साठच्या दशकात ओसरू लागली. स्नोई पर्वतातल्या धरणांच्या प्रचंड कामावर लेस्ली थीस या ठेकेदारानं १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानहून टोयोटा लँड क्रूझर मागवल्या. युद्धाच्या आठवणी ताज्या होत्या, जपानी माल म्हटलं की नाकं मुरडली जात. पण गाड्या चिखलात, दगडात टिकल्या, आणि थोड्याच वर्षांत वाळवंटातल्या वाड्यांवर 'टोयोटा' हा शब्द गाडी या अर्थानं वापरला जाऊ लागला. १९६२ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ रेज स्प्रिग यानं निसानच्या 'पॅट्रोल' गाडीतून सिम्पसन वाळवंट पार केलं. मोटारीनं झालेलं ते पहिलं पूर्ण पारगमन. आणि गाडीत होते कोण, तर बायको ग्रिझेल्डा आणि दोन मुलं. एकामागून एक हजाराहून जास्त वाळूच्या टेकड्या, सगळ्या समांतर. स्प्रिग हाच तो, ज्यानं १९४६ मध्ये एडियाकराचे अतिप्राचीन जीवाश्म शोधले. स्प्रिगच्या पारगमनानंतर पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, तेलाच्या शोधात आलेल्या फ्रेंच कंपनीनं त्या टेकड्यांवरून बुलडोझर घातला. ती 'फ्रेंच लाइन' आज हौशी प्रवाशांची वारीची वाट झाली आहे.

त्याच १९६३ च्या डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात, बर्ड्सव्हिल ट्रॅकवर एका कुटुंबातले पाच जण तहानेनं मेले. गाडी बंद पडल्यावर ते ती सोडून चालत निघाले होते. 'काहीही झालं तरी गाडी सोडायची नाही' हा आज तिथल्या प्रत्येक माहितीपत्रकातला पहिला नियम आहे. विमानातून माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

मात्र गाडी अडली म्हणजे माणूस अडला, असं तिथल्या सगळ्यांना वाटत नाही. अॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला युएंडुमू इथल्या वार्लपिरी मंडळींवर २००१ मध्ये 'बुश मेकॅनिक्स' ही मालिका निघाली. जुन्यापान्या मोटारी, फोर व्हील ड्राइव्हचं नावही नाही. टायर फाटला तर त्यात काटेरी स्पिनिफेक्स गवत ठासून भरायचं. भाग मोडला तर मुल्गाच्या टणक लाकडाचा घडवायचा. पन्हळीवर खिळखिळी झालेली गाडी त्यांनी ज्या ममतेनं आणि ज्या डोक्यानं चालती केली, ते पाहताना बीडेल आणि क्रूझ यांच्या पंगतीत त्यांचं पान मांडावंसं वाटतं.

आता या रस्त्यांवर डांबर येऊ लागलं आहे. स्ट्रेझलेकी ट्रॅकवर, तनामी रस्त्यावर टप्प्याटप्प्यानं काम चालू आहे. शहरातल्या हौशी चालकांना याची हळहळ वाटते. खरा आउटबॅक, म्हणजे खरा आडमुलूख, संपला, असं ते म्हणतात. त्यांची हळहळ समजते, पण पटत नाही. त्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला किराणा दुप्पट भावानं घ्यावा लागतो, रुग्णाला तासन्‌तास हादरे खात दवाखाना गाठावा लागतो. पन्हळ ही त्याची सुट्टीतली गंमत नव्हे.

अॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पाचशे किलोमीटरवर किंटोर आहे. पिंटुपी लोकांची ही वस्ती. तिथे मूत्रपिंडाच्या विकारानं घर केलं, आणि डायलिसिससाठी आजी-आजोबांना गाव सोडून शहरात जाऊन राहावं लागू लागलं. घरापासून, जमिनीपासून, आपल्या गाण्यांपासून दूर. २००० साली किंटोर आणि किविरकुरा इथल्या चित्रकारांनी एकत्र बसून मोठाली चित्रं काढली, सिडनीत त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. २००४ मध्ये किंटोरला डायलिसिस सुरू झालं. ज्या वस्त्यांत अशी सोय नव्हती, त्यांच्यासाठी २०११ मध्ये जांभळ्या रंगाचा एक ट्रक निघाला. आत डायलिसिसच्या खुर्च्या आणि यंत्रं, बाहेरच्या बाजूला चित्रं. एरवी शहरात अडकलेला रुग्ण कुणाच्या अंत्यविधीला, एखाद्या उत्सवाला, नातवंडांना भेटायला घरी येतो, तेव्हा हा ट्रक त्याच्या आगेमागे गावात येऊन उभा राहतो. सगळी यंत्रं घट्ट बांधून, लाटांमागून लाटा ओलांडत.